चौदाचे दहा

३ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी आज सकाळी अख्ख्या ड्रॉइंग विभागाला, म्हणजे आम्हा सहा जणांना, केबिनमध्ये उभं करून सांगितलं की सतरा मार्चपासून जुनं सगळं बंद. नवं सॉफ्टवेअर, नवा सर्व्हर. ‘‘आणि यापुढे फाईली कुणा एकाच्या नसतील, कंपनीच्या असतील,’’ असं म्हणताना ते माझ्याकडे बघत होते.

सव्वीस वर्षांत आम्ही हॉस्पिटलचे पलंग, स्ट्रेचर ट्रॉल्या, सलाईनचे स्टँड, जे काही केलं त्याची एकेचाळीस हजार ड्रॉइंगं आहेत. कुठलं कुठे आहे ते मला माहीत आहे. इतरांनाही माहीत करून घ्यायचा मार्ग आहे: ते मला विचारतात. इतकी वर्षं यात कुणाचं काही अडलं नाही.

सॉफ्टवेअर कंपनीने एक मुलगी पाठवली आहे. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. सहा आठवडे आमच्यात बसणार. माझ्या टेबलाला टेबल लावून दिलंय तिला, त्यामुळे माझी खिडकीकडची जागा गेली.

५ फेब्रुवारी, बुधवार

शिकवणी सुरू. नवं सॉफ्टवेअर वाचनालयासारखं आहे. फाईल हवी असेल तर नावावर काढायची, काम करायचं, परत करायची. तोवर दुसऱ्याला ती फक्त बघता येते, हात लावता येत नाही. आणि तपासनिसाची सही झाली की फाईलला कुलूप. मग साधी रेघ हलवायची तरी नवी आवृत्ती काढा, पुन्हा तपासायला पाठवा.

मी म्हटलं, ‘‘अहो, पण सहीनंतर कधी मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडचं तिकडे करावं लागतं. पाईपला काही घासतंय, पत्रा वाकवताना अडतंय. वर्कशॉपमधून फोन येतो, आपण उघडतो, सरकवतो, सेव्ह करतो. त्यासाठी परत तपासनिसाकडे धाडायचं म्हणजे दिवस गेला.’’

ती म्हणाली, ‘‘हो मॅडम, दिवस जाईल.’’

एवढंच. वाद तरी घालायचा. हिच्याशी भांडायचीही सोय नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज माझी अब्रू गेली, पण हसत हसत. मुलीने जुन्या सर्व्हरवरच्या फाईलींची नावं मोठ्या पडद्यावर लावली. एकाच पलंगाच्या चौकटीची अकरा ड्रॉइंगं निघाली. ‘चौकट’, ‘चौकट नवी’, ‘चौकट अंतिम’, ‘चौकट अंतिम नवी’, ‘चौकट खरंच अंतिम’, ‘चौकट ही घ्या’. आणि शेवटी ‘चौकट ही घेऊ नका’. विभागातली पोरं टेबलावर डोकं ठेवून हसत होती. वर्कशॉपमध्ये सध्या कुठलं वापरतात असं मुलीने विचारलं.

‘‘शेवटचं,’’ मी म्हणाले. ‘‘‘घेऊ नका’ असं मीच चिडून लिहिलं होतं, मग तेच बरोबर निघालं.’’

मीही हसले. पण घरी येताना वाटत राहिलं की उद्या मला काही झालं तर ही उरलेली पाच माणसं आणि एकेचाळीस हजार फाईली एकमेकांकडे बघत बसतील. हे मला कुठेतरी आवडत होतं, हेही खरं. दैनंदिनीत तरी खोटं कशाला लिहा.

एक चीज मात्र छान आहे. दोन आवृत्त्या एकावर एक ठेवल्या की जे सारखं ते करडं दिसतं, जे बदललं ते नारिंगी. मी दुपारभर तेच खेळत बसले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मुलीने तीन पानांची यादी आणून ठेवली. जुने बॅकअप चाळताना सॉफ्टवेअरने स्वतःहून काढलेली: ‘सहीनंतर बदललेल्या फाईली’. एकूण दोनशे अठरा. जवळजवळ सगळ्यांपुढे माझं लॉगिन. आता विभागात सगळ्यात जुनी मी, सगळ्यात जास्त काम माझं, तर नाव कुणाचं येणार? शिवाय जुन्या सर्व्हरचं घड्याळ मागे-पुढे व्हायचं. मी तिला तसं सांगितलं.

एका ओळीपुढे तिने पेन्सिलने बारीक टिंब केलं होतं. सात नंबरच्या पलंगाचं पाठीच्या आधाराचं ब्रॅकेट. ‘‘मॅडम, ही एक तुम्ही स्वतः बघाल का?’’

मी तिला त्या ब्रॅकेटची हकीकत सांगितली, कारण इथे नवीन माणसाला कधी ना कधी ती सांगावीच लागते. नऊ वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलात सात नंबरच्या पलंगाची पाठ टेकवलेली असताना खाली कोसळली. ब्रॅकेटचं भोक कडेपर्यंत फाटलं होतं. म्हातारी बाई होती पलंगावर, तिचं मनगट मोडलं. चौकशी झाली. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत चौदा मिलिमीटर हवे होते, ड्रॉइंगवर दहा निघाले. चौदा असले तर भोकाच्या बाहेर आठ मिलिमीटर लोखंड उरतं. दहा असले तर चारच. आणि ड्रॉइंगवर सही शून्यकाकांची.

शून्यकाका म्हणजे आमचे तपासनीस. कुणी ‘०.५’ऐवजी नुसतं ‘.५’ लिहिलं तरी ड्रॉइंग परत पाठवायचे: ‘‘शून्य विसरलात. टिंब पुसलं गेलं तर अर्ध्याचे पाच होतील.’’ म्हणून हे नाव. मला काम त्यांनीच शिकवलं. चौकशीत ते एकच सांगत राहिले, ‘‘मी चौदा वाचलं होतं.’’ पण कागद समोर होता. मलाही विचारलं, मी जे खरं वाटत होतं ते सांगितलं, की काकांना हल्ली चष्मा बदलायची गरज आहे. पंधरा दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. निवृत्तीला दोन वर्षं होती.

वाईट वाटतं. पण शेवटी शेवटी त्यांचं लक्ष नसायचं, हेही तितकंच खरं.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग यादी माझ्याच टेबलावर ठेवून आपल्या कामाला लागली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रोज दीड-दोन हजार फाईली नव्या सर्व्हरवर जातात. प्रत्येक भागासाठी मी दोनपैकी एका चौकोनात खूण करायची: ‘सर्व आवृत्त्या’ किंवा ‘फक्त शेवटची’. मी बहुतेकांना ‘फक्त शेवटची’ करते. मागचा कचरा कशाला वाहायचा?

मुलीने पुन्हा विचारलं, ‘‘ते ब्रॅकेट बघितलंत का?’’ तिलाच काय ते बघून टाक म्हटलं तर म्हणाली, ‘‘माझं काम फाईली हलवायचं आहे मॅडम. वाचायचा हक्क तुमचा.’’ कामात जरा ढिली वाटते मला. हुशार आहे, पण रेटून काम संपवायची सवय नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज दुपारी जे दिसलं ते लिहून ठेवते.

सॉफ्टवेअरमध्ये ‘सारखा आकार शोधा’ असं आहे. नाव वेगळं असू दे, नंबर वेगळा असू दे, आकार जुळला की ते सगळे भाग एका रांगेत उभे करतं. मी सहज म्हणून सात नंबरचं जुनं ब्रॅकेट, दहावालं, त्यात टाकलं. नुसतं बघायला. रांगेत दोन उभे राहिले. एक तेच. दुसरं स्ट्रेचर ट्रॉलीच्या डोक्याकडच्या फळीचं.

चार वर्षांपूर्वी ट्रॉलीचं काम आमच्यातल्या एकाने केलं, तेव्हा त्याने जुन्या फोल्डरमधून तयार ब्रॅकेट उचललं, नवा नंबर दिला आणि पुढे गेला. अपघातानंतर पलंगाचं ब्रॅकेट आम्ही बदललं होतं, पण जुनं फोल्डरमध्ये तसंच पडून होतं. ते मीच ठेवलं होतं, ‘असू दे’ म्हणून. त्याच्या नावात ‘घेऊ नका’ हेही लिहिलं नव्हतं.

‘कुठे वापरलंय’ असं विचारलं तर आकडा आला: तीनशे बारा ट्रॉल्या. त्यांच्यावर रोज माणसं झोपवून नेली जातात. आजही नेली असतील.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आठ वाजता साहेबांच्या दारात उभी होते. सगळं सांगितलं. साहेब या बाबतीत चोख माणूस आहे. खुर्चीत बसले नाहीत, उभ्याउभ्याच फोरमनला बोलावून ट्रॉलीचं काम थांबवलं, मग एकेका हॉस्पिटलला फोन: डोक्याकडची फळी उचलू नका, आमची माणसं येऊन ब्रॅकेट बदलून देतील. संध्याकाळपर्यंत निम्म्या ठिकाणी निरोप पोचला. कडेपर्यंत सोळा मिलिमीटर ठेवून नवं ब्रॅकेट मी दुपारी काढलं, दोघांकडून तपासून घेतलं.

फोन चालू असतानाच त्यांनी मधेच हातानं माईक झाकून विचारलं, ‘‘हे मुळात ड्रॉइंग कुणाचं?’’

मी म्हणाले, ‘‘जुनंच. शून्यकाकांच्या वेळचं.’’

‘‘माणूस गेला तरी त्याच्या चुका काही जात नाहीत,’’ साहेब म्हणाले आणि फोनवर परत बोलायला लागले.

मी खोटं बोलले नाही. त्यांच्याच वेळचं आहे ते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शनिवार-रविवारही माणसं कामावर होती, दोनशे सहा ट्रॉल्या झाल्या. कुठेही काही घडलेलं नाही. एका ठिकाणी भोकाला केसासारखी चीर निघाली. फोरमनने ते ब्रॅकेट आणून माझ्या टेबलावर ठेवलं.

मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, सात नंबरचा गट मी शुक्रवारपर्यंत थांबवून ठेवलाय. शुक्रवारी त्यालाही खूण लागेल. सर्व आवृत्त्या की फक्त शेवटची.’’ आणि मग हळू आवाजात, ‘‘घाई नाही.’’

नुकतंच एवढं झालेलं आणि ही त्याच फाईलला चिकटून! घाई नाही म्हणे. घाई नसायला आपण काय सहलीला आलोय?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत त्या ब्रॅकेटची फाईल बघितली.

अकरा ऑगस्ट. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांची फाईल: चौदा. शून्यकाकांची सही. त्याच दिवशी चार चाळीसची फाईल: दहा. सही तशीच, कारण सही फाईलमध्येच असायची, आत काहीही बदला. चार चाळीसपुढे माझं लॉगिन.

एकावर एक ठेवली. सगळं करडं. फक्त कडेला एक नारिंगी पट्टी. चार मिलिमीटर.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मला आठवत नाही. हे लिहायलाही लाज वाटते, पण आठवतच नाही. त्या ब्रॅकेटखालून एक पाईप जायचा, तो कडेला घासत असणार. वर्कशॉपमधून फोन आला असेल. मी कड कापली असेल, सेव्ह केलं असेल. दोन मिनिटांचं काम.

सकाळी माळ्यावरची पेटी खाली घेतली. माझ्या दैनंदिन्या कॉलेजपासूनच्या आहेत, एकही टाकलेली नाही. नऊ वर्षांपूर्वीची काढली. अकरा ऑगस्टचं पान उघडलं.

‘‘आज विशेष काही नाही. पाचलाच निघाले. येताना पडद्यांचं कापड बघितलं, निळं बरं वाटलं.’’

निळे पडदे मला आठवतात.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

खूण केली नाही. मुलीला म्हटलं, सोमवारी बघू. ती ‘बरं’ म्हणाली.

हिशेब अगदी सोपा आहे. मी काही पुसायचं नाही, काही लपवायचं नाही. हजारो भागांना केली तशी इथेही ‘फक्त शेवटची’ ही खूण करायची. सतराला जुना सर्व्हर उचलून नेतील. ट्रॉल्या दुरुस्त झाल्या आहेत. कुणाचं मनगट आता मोडणार नाही. जे व्हायचं ते होऊन गेलं.

चौकशीतली ती खोली मात्र आठवते. लांब टेबल, काका या टोकाला, मी त्यांच्या शेजारी. ते म्हणाले, ‘‘मी चौदा वाचलं होतं,’’ आणि माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं होतं, धीर द्यावा म्हणून बघताहेत.

३ मार्च, सोमवार

काल दुपारी कपडे घडी करताना नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याला ड्रॉइंगमधलं काही कळत नाही, तो शाळेच्या प्रयोगशाळेत काम करतो. ऐकता ऐकता त्याने एकच उशीचा अभ्रा तीनदा घडी केला.

‘‘तुला आठवत नाही म्हणतेस,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणजे तू मुद्दाम केलं नाहीस.’’

‘‘नाही.’’

‘‘मग सांगायला भीती कसली?’’

‘‘चष्म्याची,’’ मी म्हणाले.

त्याला कळलं नाही. मग चौकशीत काय बोलले होते ते सांगितलं. त्याने हातातला अभ्रा खाली ठेवला. मग म्हणाला, ‘‘ते तर तुला आठवतं.’’

५ मार्च, बुधवार

साहेबांना सांगितलं. दोन्ही फाईली त्यांच्या पडद्यावर उघडून दाखवल्या. ‘‘शून्यकाकांच्या वेळचं’’ हे मी ज्या अर्थाने म्हटलं होतं तेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि डोळे चोळले.

‘‘मॅडम, नऊ वर्षं झाली.’’

‘‘हो.’’

‘‘तुम्ही त्यांच्या घरी जा, पाया पडा, काय करायचं ते करा. पण हे कागदावर आणू नका. पुढच्या महिन्यात तपासणीची माणसं येणार आहेत. त्या गटाला ‘फक्त शेवटची’ करून मोकळ्या व्हा.’’

मला यायच्या आधी वाटत होतं की ते असंच म्हणतील, आणि म्हणाले तर मला सुटल्यासारखं वाटेल. वाटलं नाही. मी म्हणाले, ‘‘त्यांच्यावर ठपका आला तो कागदावर आला. तोंडी नव्हता आला.’’

‘‘मी सांगतोय ना.’’

‘‘मग खूण तुम्ही करा साहेब. तुमच्या लॉगिनने. कोणी, कधी, किती वाजता केली, ते नवं सॉफ्टवेअर लिहून ठेवतं.’’

एवढं उद्धट मी सव्वीस वर्षांत कधी बोलले नव्हते. साहेब पडद्याकडे बघत राहिले. नारिंगी पट्टी तशीच होती. मग त्यांनी चष्मा घातला आणि म्हणाले, ‘‘सोमवारपासून सहा महिने तुमचं एकही ड्रॉइंग दोघांच्या सहीशिवाय खाली जाणार नाही. विभाग तुमच्याकडे राहील की नाही ते नंतर बघू.’’

‘‘बरं.’’

‘‘आणि त्यांना इथे यायचं असेल तर येऊ देत. मला भेटायला सांगा.’’

परत येऊन ‘सर्व आवृत्त्या’वर खूण केली. मुलगी शेजारीच होती. तिने बघितलं, आणि डबा उघडून अर्धा माझ्यापुढे सरकवला. चार वाजले होते, जेवायची वेळ नव्हती.

९ मार्च, रविवार

गेले होते. काय झालं ते जसं झालं तसं लिहिते.

दुसऱ्या मजल्यावर राहतात. दार काकूंनी उघडलं, मला ओळखलं, ‘‘अगं बाई, तू!’’ म्हणत आत घेतलं. कडी लावली. काका आतून आले, माझ्याकडे बघून मान हलवली, आणि आधी दाराशी जाऊन कडी हलवून बघितली. बसले. पुन्हा उठले, पुन्हा कडी बघितली.

काकू हसून म्हणाल्या, ‘‘तू मनावर घेऊ नकोस. गॅस, नळ, कडी, सगळं तीन-तीनदा. माझ्या औषधाची बाटली तर मला मोठ्याने वाचायला लावतात, स्वतः वाचलं तर विश्वास नाही. नोकरी सोडली तेव्हापासून हे सुरू झालंय.’’

मी घरून वाक्यं ठरवून आले होते. ती गेली. मी म्हणाले, ‘‘काका, अकरा ऑगस्टला बारा दहाला तुम्ही सही केलीत तेव्हा फाईलमध्ये चौदा होते. चार चाळीसला मी दहा केले. जुन्या बॅकअपमध्ये दोन्ही सापडल्या.’’

काकू माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघत होत्या.

‘‘मी चौदा वाचलं होतं?’’

‘‘हो.’’

‘‘चौदाच होतं तिथे?’’

‘‘हो काका.’’

‘‘म्हणजे वाचलं ते बरोबर होतं.’’

‘‘हो.’’

मला वाटलं रडतील, किंवा ‘जाऊ दे पोरी’ म्हणतील. मी त्याचीच वाट बघत होते हे मला तिथे बसल्यावर कळलं. ते म्हणाले, ‘‘चष्म्याचं तू सांगितलंस.’’

‘‘हो.’’

‘‘मी दोन वेळा बदलला. डॉक्टर म्हणायचा, नंबर तोच आहे, कशाला बदलताय. मी म्हणायचो, नीट बघा, मला दिसत नाही.’’ आवाज चढला नव्हता, पण हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट होता. ‘‘नातवाने गणितं आणली तर मी बघत नाही. आजोबा, हे बरोबर आहे का म्हणतो. मी म्हणतो, आईला विचार. नऊ वर्षं मी कुठल्याही कागदाला बरोबर म्हटलेलं नाही.’’

‘‘काका, मी...’’

‘‘माफी मागू नकोस आत्ता. मला काही द्यावंसं वाटत नाहीये.’’

काकूंनी पाणी आणलं. तेवढं मी प्यायले. निघताना ते दारापर्यंत आले नाहीत. मी जिन्यात होते तेव्हा वरून आवाज आला, ‘‘मला ती फाईल बघायची आहे. सांगितलेलं ऐकून मी सही करत नसतो.’’

१२ मार्च, बुधवार

अकराला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. विभागातल्या चौघांनी त्यांना कधी बघितलेलं नव्हतं, तरी उभे राहिले. साहेब केबिनमधून बाहेर आले, हात जोडले, ‘‘कंपनीकडून पत्र देतो’’ म्हणाले. काका म्हणाले, ‘‘आधी बघतो.’’

मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. मुलगी फोन आला म्हणून बाहेर गेली. फोन वाजलेला मी काही ऐकला नाही.

बारा दहाची फाईल उघडली. काकांनी ती वीस मिनिटं बघितली. नुसतं ते एक माप नाही, सगळं ड्रॉइंग, डाव्या वरच्या कोपऱ्यापासून, एकेका आकड्यावर बोट ठेवत, जसं तेव्हा बघायचे तसं. आम्ही सगळे कामाचं सोंग करत होतो. शेवटी पाठ टेकली.

‘‘बरोबर आहे,’’ ते म्हणाले. ‘‘सगळं बरोबर आहे.’’

मग चार चाळीसची. ती त्यांनी मिनिटभरच बघितली. ‘‘पाईप घासत होता?’’

‘‘बहुतेक. मला आठवत नाही.’’

‘‘पाईप खाली घ्यायचा. कड कशाला कापायची?’’

‘‘आता कळतंय.’’

‘‘तेव्हाही कळलं असतं. विचारायचं होतंस. मी चार हातांवर बसलो होतो.’’

नव्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आवृत्तीला शेरा जोडावा लागतो, आणि एकदा जोडला की तो कुणालाच काढता येत नाही. चार चाळीसच्या फाईलला मी आदल्या दिवशीच शेरा लिहून ठेवला होता, फक्त जोडला नव्हता. त्यांना दाखवला: ‘नजरचुकीने कडेचं माप चौदाऐवजी दहा केलं गेलं. तपासलेलं माप बरोबर होतं.’

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि पडद्याला न टेकवता एकेका शब्दावर धरलं.

‘‘‘केलं गेलं’ म्हणजे काय? आपोआप?’’

‘‘मी केलं.’’

‘‘मग तसं लिही.’’

लिहिलं.

‘‘‘नजरचुकीने’ काढ. नजर माझ्या खात्यात होती आणि ती चुकली नव्हती. तू बघून कापलंस.’’

काढलं.

‘‘केव्हा केलं ते कुठाय? सहीच्या आधी की नंतर? वाचणाऱ्याने ओळखायचं का?’’

‘तपासून सही झाल्यानंतर’ असं घातलं. ‘तपासनिसांना कळवलं नाही’ हे मी स्वतःच घातलं. त्यांचं पेन तिथे क्षणभर थांबलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, ओठ हलवत:

‘तपासून सही झाल्यानंतर मी कडेचं माप चौदाचं दहा केलं. तपासनिसांना कळवलं नाही. तपासलेलं माप बरोबर होतं.’

‘‘झालं?’’ मी विचारलं.

‘‘शेवटचं वाक्य पहिलं घे.’’

घेतलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचलं. मान हलवली. मी खाली माझं नाव घातलं आणि शेरा जोडला.

‘‘कागदावर निघतं का हे?’’

मी छापून दिलं. त्यांनी कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली, वरून हात फिरवून बघितला. एकदाच. म्हणाले, ‘‘घरी जाऊन तिला मोठ्याने वाचून दाखवतो,’’ आणि उठले. साहेबांचं पत्र त्यांनी जाताना घेतलं, उघडलं नाही. माझ्याशी आणखी काही बोलले नाहीत. मीही थांबवलं नाही.

दोन वाजता वर्कशॉपमधून फोन आला, नव्या स्टँडचा पाया अर्धा मिलिमीटर अडतोय, जरा सरकवून देता का. मी सांगितलं, नवी आवृत्ती काढते, तपासायला जाईल, उद्या मिळेल.